‘तिथे झर नाही’

राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे सरकारचे सगळ्यांत वरचे वकील, मी पहिल्यांदा पाहिले ते पणजीच्या हायकोर्टात. ते उभे राहिले, शांतपणे काही वाक्ये इंग्रजीत बोलले आणि बसले. आमची वकील, डिचोलीची तरुण मुलगी, मागे वळून माझ्या कानाशी कुजबुजली, “ते म्हणतात, तुमच्या वाड्यावर झर नाही. पावसाळी ओहोळ आहे, दरवर्षी आटतोच.”

लग्न होऊन सावंतवाडीकडून गोव्यात सुर्ल्याला आले, तेव्हापासून मी त्या झरीचे, डोंगरातल्या बारमाही झऱ्याचे, पाणी भरत होते. ऐन उन्हाळ्यात तिथे बाल्दी लावली की पदर सावरेपर्यंत भरायची. पुढे डोंगरापलीकडची खाण खोल गेली. खड्ड्यात साठणारे पाणी ते रात्रंदिवस पंपांनी उपसू लागले आणि आमची झर होळीआधी, शिगम्याच्या आतच आटायला लागली. झरीच्या खाली वयनींचे कुळागर होते, माडापोफळीची बाग. वयनी म्हणजे आमच्या शेजारीण, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांच्या वरच्या टप्प्यावरच्या माडी, म्हणजे पोफळी, माना टाकू लागल्या, तेव्हा आम्ही वाड्यावरच्या, त्या वस्तीतल्या, बायकांनी मिळून कोर्टात अर्ज केला.

माझा नवरा त्याच खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा. मी सही केली तेव्हा त्याने अडवले नाही. मग एके दिवशी सकाळी सातलाच घरी परत आला आणि पायरीवर बसून राहिला.

“काय झाला?” मी विचारले.

“माका फेरी नाय. अर्जात तुझा नाव आसा, ता मुकादमाक कळला.”

“मग नाव काढू?”

त्याने पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. “काम तर गेलाच. आता मागे सरू नको,” म्हणाला.

अशा घरातून उठून मी कोर्टात गेले होते, आणि जो माणूस एकदाही सुर्ल्याला आला नव्हता तो सांगत होता, तिथे झर नाही. मला त्या बाकावर बसवेना. मी आमच्या वकिलीणीला विचारले, “खाणवाल्यांचा वकील तो दुसरा ना? मग हे कोणाचे?”

“सरकारचे. पाण्याच्या खात्याने प्रतिज्ञापत्रात लिहून दिले, तेच ते बोलतात.”

“आणि खाते खोटे लिहून देत असेल तर?”

ती पुढे वळून फाईल चाळू लागली.

पुढच्या तारखांना महाधिवक्त्यांनी मुदतच मागितली. आम्ही बसने पणजीला जायचे, व्हरांड्यात बसून पाव-भाजी खायची आणि नवी तारीख घेऊन परतायचे. तोवर पंप चालूच. एका तारखेला ते व्हरांड्यातून जात असताना वयनी उठून त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

“बाब, एकदा येवन पळय मरे,” त्या म्हणाल्या, येऊन डोळ्यांनी बघा म्हणून.

ते थांबले. “आजी, मला तुमच्याशी या विषयावर बोलता येत नाही. तुम्हाला तुमची वकील आहे.”

तो नियमच आहे, हे मला नंतर कळले. तेव्हा माझे डोके भणाणले होते. “आमच्याशी बोलता येत नाही,” मी म्हणाले, “पण आमच्याबद्दल बोलता येते. न बघता बोलता येते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावरून काही कळले नाही. ते निघून गेले. वयनींनी माझा हात दाबून धरला होता, कारण मी अजून बोलणार होते.

त्यानंतर एका दुपारी वाड्यावर पांढरी गाडी आली. महाधिवक्ते उतरले, त्यांच्याबरोबर खात्याचा इंजिनियर. आमच्या वकिलीणीलाही त्यांनी रीतसर कळवून बोलावले होते. सगळे कुळागरातून वर चढून आले. मी झरीच्या दगडी तळीपाशी उभी होते. तळी कोरडी होती. भिंतीवर शेवाळ्याचा काळा पट्टा होता आणि पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या. ते वाकून त्या पायऱ्यांवरून हात फिरवत राहिले. मग इंजिनियरला म्हणाले, “चार महिन्यांच्या ओहोळासाठी कोणी अशी तळी बांधते का?”

इंजिनियर म्हणाला, “सर, आम्ही पाहणीला आलो तेव्हा पाणी नव्हते.”

“तुम्ही इथे आला होता?”

इंजिनियर हातातल्या फाईलची पाने उलटू लागला.

पुढच्या तारखेला त्यांनी उभे राहून कोर्टाला सांगितले, की सरकारने दिलेली माहिती चुकीची होती, ती मी मागे घेतो. कोर्टाने पंप थांबवले.

गावात आनंद झाला. देवळाच्या समितीने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, समई. मी येणार नाही म्हणाले, तर वयनी समजूत घालायला घरी आल्या.

“चूक मानपी मनीस खंय मेळटा गो?” त्या म्हणाल्या. चूक कबूल करणारा माणूस सहज भेटत नाही, असे त्यांचे म्हणणे.

“वयनी, त्यांचा पगार आपल्या पैशांतून जातो. सरकार खोटे बोलत असेल तर सरकारला गप्प करणे हे त्यांचे कामच आहे. पोस्टमनने पत्र दिले तर आपण शाल देतो का?”

वयनी रागावल्या नाहीत. “तुजो घोव घरा बसला म्हणून तूं अशें उलयता,” एवढेच म्हणाल्या. नवरा घरी बसल्याचा राग माझ्या बोलण्यात होता, ते खरे होते. पण तेवढेच खरे नव्हते.

सत्कार झालाच नाही. त्यांनी निरोप पाठवला, की असा सत्कार घेणे योग्य नाही. समितीच्या लोकांना वाईट वाटले. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा थोडे बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणून स्वतःचाच राग आला. पणजीहून सुर्ल्याला यायला किती वेळ लागतो? जे त्या दुपारी बघितले ते पहिल्या तारखेच्या आधी बघता आले असते. तेव्हा वयनींच्या वरच्या माडी जिवंत होत्या.

खोटे लिहून देणाऱ्या इंजिनियरला कोणी काही विचारले नाही. नवरा पुढे हरमलला पर्यटकांच्या गाड्या चालवू लागला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. काही पावसाळ्यांनंतर झर परत आली, पण बारीक, चैत्रापर्यंत टिकणारी. वयनींनी वरच्या टप्प्यावर मेलेल्या माडींच्या जागी काजू लावले. काजूला पाणी लागत नाही.