फोटोवाला कुठी होता?

बायकोला नोकरी लागली म्हणून चालता धंदा बंद करून तिच्या मागे गेलेला पहिला पुरुष, असा मिथुन खोब्रागडेचा चिमूरमध्ये लौकिक झाला. लौकिक म्हणजे पानठेल्यावरचा. तिथे त्याच्या नावाने दोन-तीन आठवडे तंबाखूचा खर्रा चांगला खपला.

त्याच्या बायकोला, नूतनला, आरोग्यसेविकेची ऑर्डर आली ती चामोर्शीकडच्या एका उपकेंद्राची. मिथुनने आधी पेढे वाटले आणि मग मोबाइलवर नकाशा पाहिला. मध्ये अर्धा चंद्रपूर जिल्हा, मग वैनगंगा, आणि पलीकडे गडचिरोलीचं जंगल. पदरात काही महिन्यांची पोर, दीपिका. तिला घेऊन नूतन एकटी तिकडे राहणार आणि आपण इकडे दुसऱ्यांच्या नवराबायकोला "जरा जवळ सरका" म्हणत बसणार, हे त्याला पटेना. "मी येतो," तो म्हणाला. "कॅमेरा कुठीबी चालते." वाक्य बोलायला फार सोपं होतं.

अडचण होती ती आईची. चिमूरचा स्टुडिओ मिथुनच्या वडिलांनी, सोमाजींनी, उभा केलेला. सोमाजी गेल्यावर मिथुन त्यात बसला आणि त्याची आई ठमाबाईही बसली. रोज सकाळी पोराच्या आधी ती दुकानात हजर. येणाऱ्या गिऱ्हाइकाला कंगवा द्यायचा, शर्टाचं वरचं बटन लावायला लावायचं, आणि तरी तो चांगला दिसला नाही तर तसं त्याला तोंडावर सांगायचं, ही कामं तिच्याकडे होती. दुकान बंद होणार हे ऐकून तिने भांडण केलं नाही. तिने अट घातली. दुकानाचे मालक अतुलभाऊ भले माणूस, चैत्र संपेपर्यंत गाळा दुसऱ्याला देणार नव्हते. तोवर तिकडे धंदा लागला तर ठीक.

"नाई लागला तं तू, मी अन् हे लेकरू वापस चिमूरले," ठमाबाई म्हणाली. "नूतन करल तिथी नोकरी. सुट्टीत येईल."

मिथुन तावात "हो" म्हणून गेला. त्या एका "हो"वर आता त्याचं अख्खं घर टांगलेलं होतं.

चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर त्याने छोटा गाळा घेतला आणि पहिल्याच महिन्यात त्याला कळून चुकलं की इथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही. चिमूरला सोळा ऑगस्टच्या शहीद दिनाला मंचावरचे पुढारी त्याला नावाने हाक मारून "या बाजूनं घे रे" म्हणायचे. इथे धानाचे शेतकरी यायचे, पासपोर्ट फोटोला म्हणून यायचे, आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की आधार केंद्रात उभे असल्यासारखे ताठ व्हायचे. हसवायला गेलं तर जास्तच घाबरायचे. बाकीच्यांच्या हातात मोबाइल होते आणि त्यांचे फोटो, खरं सांगायचं तर, वाईट येत नव्हते.

त्यात घरात अबोला. ठमाबाईचा अबोला म्हणजे बोलणं बंद नव्हे. बोलणं भरपूर, फक्त सगळं दीपिकेमार्फत. "दीपिके, तुया बापाले सांग, दुकानाचं शटर उघडं टाकून आला तो." दीपिका तोंडात मूठ घालून ऐकून घ्यायची. हळूहळू मिथुनही तिच्याच मार्फत उत्तरं पाठवायला लागला. सुनेशी मात्र सासू सरळ बोलायची, कारण राग सुनेवर नव्हताच. "तिनं शिकून मिळवली नोकरी, तिचं काय चुकलं?" असं ती शेजारणीला ठणकावून सांगायची. राग होता पोरावर. बापाच्या दुकानाला त्याने कुलूप लावलं, तेही शीळ घालत लावलं, असं तिचं म्हणणं होतं. शिळेचा आरोप मिथुनला मान्य नव्हता.

चैत्र संपत आला आणि एका बाजाराच्या दिवशी कोसमटोल्याचा बुधू पेंदाम दुकानात आला. खांद्यावर दुपट्टा, हातात वांग्यांची पिशवी. म्हणाला, "रविवारी माया पोरीचं लगन हाये. फोटो काढून देजो. कोसमटोल्यात बुधू पेंदाम म्हन, कोनीबी घर दाखवल." मिथुनला त्याला मिठी मारावीशी वाटली. नव्या गावातली ही लग्नाची पहिली ऑर्डर. हे लग्न नीट झालं की त्या भागातली चार लग्नं आपोआप येणार, आणि बिघडलं तर पुढे कोणी दारात उभं करणार नाही, एवढं या धंद्यात राहून त्याला कळत होतं. बुधूचं घर जंगलात आत, तिथे फोन लागत नाही, हेही बुधू सांगून गेला.

रविवारी नेमका पोलिओचा डोस. नूतन पहाटेच लसीचा डबा घेऊन निघाली. खोलीवर टिनाचं छत, आणि सकाळीच लाइन गेलेली. ठमाबाईने पोरीला उचललं आणि जाहीर केलं, "दीपिके, आपन बी जाऊ लग्नाले. इथी भाजून मरन्यापरीस जेवन तं भेटल." मिथुनला ते बरंच वाटलं, कारण दीपिका चालत्या फटफटीवरच काय ती शांत झोपायची.

तर मिथुन पुढे, टाकीवर कॅमेऱ्याची बॅग, मागे ठमाबाई, तिच्या मांडीवर पोर, अशी वरात निघाली. कोसमटोल्याच्या फाट्यावर ठमाबाई पोरीच्या कानात म्हणाली, "दीपिके, तुया बापाले रस्ता ठाऊक असल. मोठा मानूस हाये तो." मिथुनला वाटलं, टोमणा आहे. टोमणे तो आता मोजत नसे. त्याने गाडी आत घातली.

कोसमटोल्यात शिरताच त्याने गाडी हळू केली. लग्नघर म्हणावं तर ना ढोल, ना भोंगा. दारांना कड्या, अंगणात कोंबड्या, आणि एक कुत्रं जे भुंकायलाही उठलं नाही. बुधूच्या अंगणात एक म्हातारी वाळत घातलेल्या मोहफुलांजवळ काठी घेऊन बसली होती. ही बुधूची आई, नीलाबाई.

"सेवा जोहार," म्हातारीने गोंडी नमस्कार घातला.

"जय भीम," ठमाबाई म्हणाली आणि सरळ तिच्या बाजूला जाऊन बसली.

"आजी, लगन कुठी हाये?" मिथुनने विचारलं.

"लगन तं बोडीगावले. नवरदेवाच्या घरी."

"अन् नवरी?"

"नवरी बी तिथीच असल ना, बापू. तिच्याबिगर कसं लागल?" म्हातारीला त्याची काळजी वाटायला लागली असावी. "आमच्यात पोरीले घेऊन पोराच्या घरी जातात. आख्खं गाव पहाटी ट्रॅक्टरात गेलं."

मिथुन जन्मभर नवरीच्या मांडवात फोटो काढत आला होता. लग्न म्हणजे नवरीचं दार, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि बुधूला ते सांगायचं सुचलं नव्हतं. तो मटकन खाली बसला. मग त्याला काहीतरी आठवलं. लहानपणी आई सांगायची, तरुणपणी तेंदूपत्ता तोडायला जायची तेव्हा तिच्यासोबत गोंडांच्या बाया असायच्या, त्यांच्या लग्नांत ती नाचून आली होती. त्याने मान वळवली.

"माय, तुले माहीत होतं?"

ठमाबाईने दीपिकेकडे पाहिलं, पण ती झोपली होती. मध्यस्थच झोपल्यावर काय करणार! तिला सरळ उत्तर द्यावं लागलं.

"होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"इचारलं होतं काय मले? धंद्यातलं काही इचारतो काय तू? दुकान बंद कराचं इचारलं? गाव सोडाचं इचारलं? मंग हे बी नाई सांगतलं!"

एवढं बोलून तिचा आवाज फाटला. कॅमेरा कुठेही चालतो असं म्हणताना आईचं काय चालतं आणि काय नाही, हे मिथुनने खरंच विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजायलाही वेळ नव्हता.

"बोडीगाव किती लांब?" त्याने म्हातारीला विचारलं.

"जंगलातून गेलं तं जवळ. पन तुले वाट नाई सापडनार," नीलाबाई म्हणाली. मग काठी टेकून उठली आणि फटफटीभोवती एक चक्कर मारून आली. "मी दाखवतो. ट्रॅक्टरात गुडघ्याले हादरे बसतात म्हून ठेवलं मले घर राखाले. याची सीट तं गादीवानी हाये."

"आजी, तीन मानसं अन् लेकरू..."

"बसव तिले," ठमाबाई म्हणाली. हा हुकूम होता.

"अन् मोह? गाई खातीन तो," मिथुनने शेवटचा प्रयत्न केला.

"खाऊ दे. नातीचं लगन काय पुन्हा होते काय!" नीलाबाई म्हणाली. ठमाबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

मग दीपिकेला दुपट्ट्याने मिथुनच्या छातीशी बांधलं. मागे नीलाबाई, तिच्या मागे ठमाबाई, आणि कॅमेऱ्याची बॅग नीलाबाईच्या गळ्यात. वाट म्हणजे सागाच्या पाचोळ्यातली पायवाट. म्हातारी वळण आलं की काठीने त्याच्या त्या बाजूच्या खांद्यावर मारायची. बोडीगावला पोचेपर्यंत त्याचे दोन्ही खांदे सारखेच सुजले होते.

लग्न लागून गेलं होतं. हळदीच्या पाण्याने नवरानवरी ओलीचिंब होऊन मांडवात उभी होती आणि ढोल जोरात होता. मिथुनने गाडी थांबवली त्या क्षणी बुधू धावून आला.

"फोटोवाला कुठी होता?" तो ओरडला. ढोल थांबला.

मिथुनने हात जोडले. "भाऊ, चुकलं. एकडाव पुन्हा करता येईल काय विधी? थोडासाच?"

मांडवातल्या मुखरू नावाच्या म्हाताऱ्या जाणत्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "क्रिकेट हाये काय बे? रिप्ले पाहिजे म्हनते!"

सगळा मांडव हसला, बुधू सोडून. तो आणखी काही बोलणार, इतक्यात मिथुनच्या पाठीमागून आवाज आला, "ओरडतो काऊन? माया घरी होता तो." नीलाबाई फटफटीवरून उतरायची खटपट करत होती. आतापर्यंत ती कुणाला दिसलीच नव्हती.

नवरीने तिला पाहिलं. ललिता तिचं नाव. नवरदेवाचा हात, मांडव, जाणती माणसं, सगळं तिथेच टाकून ती ओल्या लुगड्याने धावत सुटली आणि आजीला अशी बिलगली की दोघी पडता पडता राहिल्या. मिथुनने म्हातारीच्या गळ्यातली बॅग कशी ओढली, कॅमेरा कधी काढला, त्याचं त्याला कळलं नाही. छातीवर पोर, पोरीच्या डोक्यावरून कॅमेरा, आणि डोळ्यांत पाणी, असा तो फोटो काढत राहिला.

पुढचं काम मात्र जड गेलं. वऱ्हाडातला जो तो कॅमेरा पाहिला की ताठ. नवरदेवाने तर श्वासच रोखून धरला. तेव्हा ठमाबाई पुढे झाली.

"ओ भाऊ, लगन झालं ना तुयं? का पोलीस भरतीत छाती मोजून राह्यला? तिच्याकडं पाह्य! तिच्याकडं, माह्याकडं नाई! ओ बाई, दात हायेत तं दाखव, नसतीन तं तसेच दाखव!"

बोळक्या तोंडाची बाई खदखदा हसली, तिच्यामागे दुसरी, आणि मिथुनचं बोट थांबेना. चिमूरला आई गिऱ्हाइकांना बोलते म्हणून तो इतकी वर्षं ओशाळत आला होता. आज त्याला समजलं की स्टुडिओतले हसरे फोटो निम्मे तिचेच होते.

जेवणं झाल्यावर बुधू आला. "दाखव," म्हणाला. मिथुनने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवायला सुरुवात केली. बुधू एकेक पाहत होता आणि विधी काही येत नव्हता. मिथुनने मनातल्या मनात चिमूरचं सामान बांधायला घेतलं. नूतनला काय सांगायचं, याचीही जुळवाजुळव त्याने सुरू केली. मग ललिता आणि आजीचा फोटो आला. बुधू थांबला. बराच वेळ त्याने पुढचा फोटो पाहिलाच नाही.

"विधी तं आमी साऱ्यांनी डोळ्यांनी पाह्यला," तो शेवटी म्हणाला. "मायले आनता नाई आलं म्हून सकाळपासून जीव लागत नोहता माया. तू चुकला म्हून माय आली." त्याने दुपट्ट्याने नाक पुसलं. "वैशाखात माया पुतन्याचं, अंकुशचं लगन हाये. येजो. या बाईले घेऊन येजो. अन् मायनं सांगतलं मले सारं, कोन्या गावले याचं ते तू नोको ठरवू, हिले इचारजो."

संध्याकाळी खोलीवर नूतन पाय पसरून बसली होती. तिने "कसं झालं?" विचारलं आणि ठमाबाई जी सुरू झाली ती थांबेचना. रिकामं गाव, रिप्ले, बोळकी बाई, मिथुनने जमिनीवर कशी बैठक मारली, सगळं अभिनयासह. नूतन हसून हसून आडवी झाली. मिथुनही हसला, पण चैत्र उद्या संपत होता आणि तो विषय आईसमोर काढायचं धाडस त्याला होत नव्हतं. एका लग्नाने धंदा लागला असं तिने म्हणायला हवं ना.

तेवढ्यात अतुलभाऊंचाच फोन आला. गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय ते आज सांग. मिथुनने फोन कानाशी धरून आईकडे पाहिलं. "माय," तो म्हणाला, "आता मी इचारून राह्यलो. काय सांगू?"

ठमाबाईने दीपिकेला नूतनकडे दिलं आणि फोन आपल्या हाती घेतला.

"अतुलभाऊ, देऊन टाका दुकान... हो, मी म्हनतो. नाई, पोरानं नाई शिकवलं मले." मग ती फोन घेऊन दाराशी गेली. "मी तिथी रोज सकाळी पहिले येऊन कायले बसत होती, तुमाले ठाऊक हाये. दाराकडं पाहत बसत होती. आता पोराचे बाबा काई येत नाईत, भाऊ. अन् मले बी आता टाईम नाई. वैशाखात लगन हाये आमच्याकडं."