मीठ जास्त झालेला साबण

पातळ साबण विकणाऱ्यांवर माझा राग होता, अजून आहे. पाण्यात रंग कालवतात आणि भांड्यांचा साबण म्हणून दोंडाईच्याच्या बाजारात बिनदिक्कत खपवतात. म्हणून मी पत्रक काढलं: बोट बुडवा. बोटाला धरून सावकाश उतरला तर साबण, ओघळला तर लबाडी.

शिरपूरजवळच्या एका बचत गटालाही ते दिलं. तो गट मुलींच्या वसतिगृहाला साबण पुरवतो. परवा दुपारी तिथे गेले, तर साबण ढवळणाऱ्या अक्का खुशीत होत्या.

"काल बिघडी गयथं," त्या म्हणाल्या. "मीठ टाकं, घट्ट व्हयनं. आखो मीठ टाकं, ते पानी व्हई गयं. तुन्हाच कागदमा लिखेल शे ना, पातय म्हणजे लबाडी? मंग वरतून कॉस्टिक टाकं. आते देख, कसं मधनामायक."

मी त्या मधासारख्या साबणात बोट बुडवलं. धुतलं, तरी बुळबुळ जाईना. मग चुरचुरायला लागलं.

मीठ साबणाला एका हद्दीपर्यंतच घट्ट करतं. पुढे तेच पातळ करतं. मला हे माहीत होतं. पत्रकात जागा नव्हती म्हणून गाळलं. अक्कांचा हिशेबही वेडा नव्हता: स्लरीत, म्हणजे साबणाच्या आम्लयुक्त कच्च्या मालात, कॉस्टिक सोडा पडला की ती घट्ट होते, हे त्या नेहमी बघतात. पण ते मोजून. जास्तीचं कॉस्टिक कातडी खातं.

"कॅन कुठे आहेत?"

"सकायलेच गयात."

वसतिगृहात फोन कोणी उचलेना. गाडी काढली. वाटेत एकच दिसत होतं, जेवणं उरकली असतील आणि पोरी आपापली ताटं घासायला बसल्या असतील.

बसल्याच होत्या. मी ओरडले, ताटं खाली टाका. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "अहो, आज तर चांगला घट्ट आला होता. फेस नव्हता, तर आम्ही जास्त घेतला."

सगळ्यांना नळाखाली हात धरायला लावले. एकीच्या बोटांची बेचकी लाल झाली होती. तिचा हात मी धरून ठेवला. बराच वेळ पाणी सोडलं, लाली उतरेना.

"डॉक्टरांना काय सांगू?" मावशींनी विचारलं.

"कॉस्टिक सांगा. आणि ते का पडलं, ते मी सांगते," म्हटलं, आणि त्या मुलीचा हात पाण्याखालून काढू दिला नाही.