बेलापूरचा पासवर्ड-प्रमुख

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांच्या यशाचे किस्से होत नाहीत. मशीन नीट चाललं तर फोन करतो कोण? फजितीचे मात्र आपोआप साचत जातात, आणि आमच्या ऑफिसात त्यातले बहुतेक एकाच माणसाने पुरवले. तो मी!

नव्वदीतली गोष्ट. सीबीडी बेलापूरला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. मालक मुकादमसाहेब, मूळचे म्हसळ्याकडचे. फोन आणि फायली सांभाळायला दिवाळे गावची सुरेखा. तळोजा-तुर्भ्याच्या बारा कंपन्यांचे कॉम्प्युटर आम्ही बेलापुरात बसून, मोडेम नावाच्या, फोन लागला की कर्कश ओरडणाऱ्या डब्याने फोन लावून चालवायचो. इकडून माऊस हलवला की तिकडचा बाण हलायचा, इकडे टाईप केलं की तिकडच्या पडद्यावर उमटायचं. तेव्हा आम्हाला ती जादूच वाटायची.

भलत्याच कुणी फोन लावून आत घुसू नये म्हणून पासवर्ड असायचे, आणि ते खातं माझ्याकडे. मी प्रोबेशनवर होतो. साहेब म्हणाले होते, "वर्षभर पासवर्डची एक पण तक्रार नको. मग तू परमनंट." एवढ्या भरवशावर आईने गावाकडे माझ्यासाठी मुली बघायला सुरुवातही केली होती. त्यामुळे मला टेन्शन केवढं असेल बघा.

*

पहिला पासवर्ड मी दोन दिवस विचार करून ठेवला. बाराही कंपन्यांना एकच, आणि कधीच विसरायला न होणारा. आमच्या ऑफिसचा फोन नंबर!

सुरेखाने मला हात धरून खिडकीशी नेलं. खाली आमचा बोर्ड होता. त्यावर तोच नंबर, लाल रंगात, हातभर आकड्यांत.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा पासवर्ड नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना पन पाठ हाय."

*

मग प्रत्येक कंपनीला वेगळा पासवर्ड द्यायचा ठरला. तळोज्याला मासळीचं एक कोल्ड स्टोरेज होतं. तिथले कारकून पाटील जवळच्याच गावचे, साठीला आलेले. मी जाऊन बघतो तर त्यांनी पासवर्डची जागा चक्क रिकामी ठेवलेली. नुसतं एंटर दाबलं की आत!

मी चिडलो. पाटील शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं सगली घरचीच मानसं हायत. घरच्या मानसांना कुलूप लावतात का?"

मी त्यांना अर्धा तास सुरक्षेवर भाषण दिलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि निघताना मला डझनभर बोंबील बांधून दिले. पासवर्ड घालून घ्यायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

*

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आली. तीनदा पासवर्ड चुकला की फोन आपोआप कट. मी लगेच साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"साहेब, तीन चुका, की चोर बाहेर!"

साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. "आणि त्याने परत फोन लावला तर?"

"तर... परत तीन चान्स."

"म्हणजे चोराला फक्त फुरसत पाहिजे," साहेब म्हणाले. तोवर बिस्कीट तुटून चहात पडलं होतं. तेही माझ्याच नावावर जमा झालं.

*

त्यावर मी जालीम उपाय काढला. आमचा फोन गेला की तिकडच्या कॉम्प्युटरने तो कट करायचा आणि ठरलेल्या नंबरवर स्वतःहून उलटा फोन करायचा. भलता माणूस आत येणारच नाही! ही युक्ती खरंच चांगली होती, अजूनही सांगतो.

पण टेलिफोन खात्याने आमचा नंबर बदलला. मी अकरा ठिकाणी नवा घातला. बारावं तुर्भ्याचं राहिलं. एका दुपारी त्या तुर्भ्याच्या मशीनला मी सात-आठ वेळा फोन लावला. ते काही उलटा फोन करेना. मी मोडेम बदललं, वायर बदलली, शिव्या दिल्या.

संध्याकाळी जुईनगरचे एक रिटायर्ड गुरुजी जिने चढून आले. आमचा जुना नंबर आता त्यांच्या घरी होता. खालच्या बोर्डावरही अजून तोच होता, कारण तो बदलायचं कामही माझ्याकडेच होतं.

"तुमचे फोन मी घेतो," गुरुजी म्हणाले. "निरोपही लिहून ठेवतो. पण आज दुपारपासून एक बाई नुसती किंचाळतेय. मी तिला तीनदा विचारलं, काय दुखतंय म्हणून!"

सुरेखाने त्यांना चहा दिला. मी मोडेमचा आवाज कमी करण्याच्या निमित्ताने टेबलाखाली गेलो.

*

गुरुजींनी तक्रार लेखी दिली नव्हती म्हणून साहेबांनी ती मोजली नाही. वर्ष संपायला चार दिवस राहिले. कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर दळवीसाहेब स्वतः बेलापूरला आले. भयंकर कडक माणूस. "तुमची सुरक्षा डोळ्यांनी बघतो, मगच पुढच्या वर्षाचं बोलू," म्हणाले. ते गेले असते तर त्यांच्यामागोमाग मीही गेलो असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमसाहेब शेजारी उभे राहिले. सुरेखाने मला डोळ्यांनीच धीर दिला.

मी तळोज्याला फोन लावला, तिकडून उलटा फोन आला. पहिल्या फटक्यात पासवर्ड बरोबर! पडदाभर त्यांचा कॉम्प्युटर उघडला. दळवीसाहेबांनी मान हलवली.

"आणि प्रत्येक कंपनीला वेगळा पासवर्ड आहे, हे कशावरून?"

आता मला थांबवणारं कुणी नव्हतं. "मला सगळे पाठ आहेत साहेब. फक्त माझ्या डोक्यात, बाहेर कुणालाच ठाऊक नाहीत!" म्हणत मी तिथेच, त्याच पडद्यावर नोटपॅड उघडलं आणि एकाखाली एक, कंपनीच्या नावासकट, बाराही पासवर्ड धडाधड टाईप केले. मग ऐटीत सगळे पुसून टाकले.

दळवीसाहेब पहिल्यांदाच हसले. मुकादमसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात टेबलावरचा दुसऱ्या लाइनचा फोन वाजला. सुरेखाने तो दळवीसाहेबांच्या हातात दिला. "तळोज्यासून पाटीलकाका हायत."

दळवीसाहेबांनी ऐकून घेतलं. रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"आमचे पाटील विचारतायत, नववा परत दाखवाल का? त्यांचा लिहून घ्यायचा राहिला."