शेळ्यांचा आकडा

माझी माय जिंतूरकडच्या आमच्या गावात शेळ्या पाळते. किती, ते विचारू नका. गावात कुणीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, "हायत चार-दोन." आकडा सांगितला की नजर लागते, ही तिची पक्की समजूत. लहानपणी मी एकदा बोट दाखवून मोठ्यानं मोजायला लागलो, तर तिनं त्या बोटावरच फोक ओढला होता. पोटच्या पोरालाही तिनं आकडा कधी सांगितला नाही.

आणि याच बाईनं फोनवरच्या एका अनोळखी माणसाला आधारचा नंबर सांगितला, पासबुक काढून खात्याचा सांगितला, आणि मोबाईल डाव्या डोळ्याशी धरून ओटीपीसुद्धा एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. शेळ्यांचं अनुदान आलंय, खात्यात टाकायचंय, एवढंच तो म्हणाला होता. खातं साफ झालं. त्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे होते. उजव्या डोळ्यानं दिसणं जवळजवळ बंद झालेलं, आणि आता डावाही धूसर व्हायला लागलेला.

मी परभणीहून धावत गेलो. "अगं, कोण बोलतोय हे तरी विचारायचं!"

"मावशी म्हणला की त्यो. मावशी म्हणणाऱ्याला तू कोण म्हणून कसं इचारावं? वाईट वाटंल की त्याला."

त्याला वाईट वाटेल! मी कपाळावर हात मारून घेतला. बँकेत गेलो, पोलिसांत गेलो. पैसे कुठेच मिळाले नाहीत, उपदेश मात्र सगळीकडे मिळाला, की म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगायचं असतं. जसा काही मी आजवर गोट्या खेळत बसलो होतो.

मग एक दिवस तिला गोठ्यातच बसवलं. म्हटलं, "माय, मोबाईलवर आलेला नंबर म्हणजे शेळ्यांचा आकडा समज. कुणी मावशी म्हणू दे, आत्या म्हणू दे, सांगायचा न्हाई. माझ्या आवाजात कुणी बोललं तरी न्हाई. हल्ली आवाजाचीबी नक्कल करतात."

"असं म्हण की मग," ती म्हणाली. "हे कुणी सांगितलंच न्हाई आजपतूर."

परवा परभणीत मोतीबिंदूचं मोफत शिबिर लागलं. नोंदणीचा शेवटचा दिवस. मी तिचे कागद घेऊन सकाळपासून रांगेत. खिडकीतल्या बाईंनी तिचा आधार नंबर टाकला आणि म्हणाल्या, "त्यांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, विचारून सांगा लवकर." माझ्या फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली. मागच्या माणसाचा फोन मागून घेतला.

"माय, मी बोलायलोय. तुझ्या फोनवर नंबर आलाय, तो सांग."

"कोण मी?"

"अगं, तुझा लेक!"

"नंबर त्याचा न्हाई ह्यो."

"माझा फोन बंद पडलाय, दुसऱ्याचा हाय हा. डोळ्याच्या नोंदणीला पाहिजे, सांग ना लवकर."

"आवाज तर त्याचाच वाटायलाय," ती विचारात पडली. "पर आवाजबी काढायलेत म्हणं आताशा."

मागची रांग कुरकुरायला लागली होती. ज्याचा फोन होता तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं डोकं फिरलं. "माय, काय बी विचार मला, पर नंबर दे!"

"बरं. शेळ्या किती हायत सांग."

मागच्या खेपेला ती पाण्याला गेली असताना मी गुपचूप मोजल्या होत्या. आता मोठ्या हुशारीनं ओरडलो, "अकरा!"

पलीकडून शेळ्यांचं बें-बें ऐकू आलं.

"माझ्या लेकाला म्या आकडा कधी सांगितलाच न्हाई," ती म्हणाली. "ठेव फोन, चोरा."

पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. जसं शिकवलं होतं तसंच ती वागली. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता, पण मला नुसता संताप आला, आणि त्या संतापात मला तिचा तो डावा डोळाच दिसत राहिला.

खिडकीतून तिचे कागद परत आले. बाई म्हणाल्या, "चला, पुढचे."