माझ्या नावावर आलेला टायफॉईड

जयपूरला सी-स्कीम नावाच्या वस्तीत आमचं भाड्याचं घर होतं. मागच्या खोलीत आमच्याकडे भांडी घासणारी बाई आणि तिची मुलगी राहायची. मुलगी माझ्याच वयाची, बारा-तेरा वर्षांची. तिला टायफॉईड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आई-बाबांचं असं काही जुंपलं, की मी पुढ्यातल्या ताटाला हातसुद्धा लावला नाही.

बाबा केंद्र सरकारच्या कचेरीत. आम्ही आजारी पडलो तर औषधाचा खर्च सरकार भरून द्यायचं. त्या बाईला कोण देणार? टायफॉईडच्या नव्या कॅप्सूल तेव्हा भलत्याच महाग होत्या. आमचाही महिना ओढूनताणूनच निघायचा.

"डॉक्टरांना औषधाच्या चिठ्ठीवर हिचं नाव लिहू दे," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "कुणाचं काय जातं?"

"सरकारचं जातं. उद्या सगळेच असं करायला लागले तर? सगळ्यांना औषध मिळायला हवं हे मान्य, पण त्याला कायदा हवा."

"मग कायदा होईपर्यंत त्या पोरीला थांबायला सांगा!"

आमचे डॉक्टर मराठीच, घरोब्याचे. रात्री मुलीला पुन्हा तपासून ते अंगणात आले. "आजच औषध सुरू करायला हवं. नाव कुणाचं घालू?"

आईने माझं सांगितलं. तेवढ्यात ती बाई पुढे आली.

"बाईसा, अपनी छोरी का नाम मत लिखाओ. अच्छी-भली को बीमारी लग जावेगी."

आईचा चेहराच उतरला. एवढी तावातावाने भांडणारी माझी आई एक पाऊल मागे सरली. तिने माझा दंड घट्ट धरला. मला भीती वाटली आणि तिचा रागही आला. आताच का कच खाल्ली हिने?

डॉक्टर पेन उघडून उभे होते.

"लिहा," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीचं नाव लिहा."

झालं, माझी शाळा बंद. बाबांच्या साहेबांची मुलगी माझ्याच वर्गात, म्हणून मी धडधाकट असून घरात कोंडलेली. आई ऊठसूट माझ्या कपाळाला हात लावून बघायची. मी नुसती चरफडायचे.

बाबा रोज सकाळी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन मुलीचा ताप विचारायचे आणि मगच सायकल काढायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "रोज रोज काय विचारायचं, बाबा?"

"कचेरीत सगळे मला विचारतात, बिटिया कैसी है," ते म्हणाले. "मला खोटं सांगता येत नाही."

एका सकाळी ते त्या दारातून सायकलकडे गेलेच नाहीत. आत आले आणि आईसमोर खुर्चीत बसले.

"आपल्या मुलीचा ताप उतरला," ते म्हणाले.

आई ढसाढसा रडली. मी समोरच ठणठणीत उभी होते.