चिकाचा डाग आणि माझी सही

मला वाचता येत नाही, पण सही झकास येते. पोरगी तिसरीत असताना तिनंच शिकवली. खाली दोन रेघा मारतो. रेशनवाला म्हणतो, "कलेक्टर दिसता तुम्ही." बायकोचा अजून अंगठाच चालतो, म्हणून आम्हा दोघांत शिकलेला मीच.

आता पोरगी नववीत. वर्गाच्या मॅडमनं सगळ्यांना एकेक वही दिली. मनात असंल ते लिहायचं, शनिवारी घरच्यांनी वाचून सही करायची. मी केळी कापून यायचो, हात पुसायचो, विचारायचो, "काय लिहिलं?"

"काही नाही पप्पा, सब ठीक."

"मग घे, कलेक्टरची सही."

आधी ती हसायची. मग हसणं थांबलं, जेवण कमी झालं. मला वाटलं जोक जुना झाला. मी नवीन आणले.

एका गुरुवारी मॅडमनं बोलावलं. बाकावर बसताना म्हणलं, "मॅडम, मला नापास करता येणार नाही, मी शाळेत आलोच नव्हतो."

मॅडम हसल्या नाहीत. वही उघडून त्यांनी वाचलं. "झोप येत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. पप्पांना सांगायला गेलं तर ते हसवतात."

खाली माझी सही. दोन रेघांसकट. बाजूला केळीच्या चिकाचा काळा डाग.

"सही पाहून वाटलं घरी माहीत आहे, म्हणून मी थांबले," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला वाचता येत नाही, हे तिनं कधी सांगितलंच नाही, भाऊ."

मग म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात अशा पोरांशी बोलणाऱ्या ताई बसतात, मंगळवारी मी सोबत येते. तोवर समजावू नका, हसवू पण नका. नुसतं जवळ बसा.

हसवू नका, तर माझ्याकडं राहिलं काय?

संध्याकाळी जवळ बसलो. हात कुठं ठेवावे कळंना. बायको चुलीकडून म्हणाली, "आज गप का? ताप आहे का?" तोंडाशी जोक आला, गिळला.

शनिवारी पोरीनं वही पुढं केली. म्हणलं, "वाचून दाखव."

तिनं वही उघडली. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं.

"सब ठीक लिहिलंय, पप्पा."

एवढ्याला अख्खं पान लागत नाही, हे मला पण कळतं. पेन घेतला, तसाच धरून बसलो.

"करा ना सही," ती म्हणाली.