चार दिवसांची डोकेदुखी

डोहाळजेवणाला सुनेला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं. निम्मं कोळवण गाव जेवून गेलं. दुसऱ्याच दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं, पाय सुजले, तोंड फुगलं. मी म्हटलं, नजर लागली पोरीला. चुलीत मीठ-मोहरी-मिरच्या टाकल्या, पण ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर मोठी, हे आमच्याकडं कुणीही सांगेल. मग मी रोज ओवाळून टाकत राहिले. तपासणीला पुढच्या आठवड्यात जायचंच आहे, आठव्या महिन्यात सूज यायचीच, असंही वर ऐकवलं. शहाणी ना मी!

चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "आत्या, डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात. हितं बरगडीखाली लई दुखतंय." मी ओवा आणायला वळले, तेवढ्यात तिला भडाभडा ओकारी झाली. लेकाला फोन केला, तो कामावरून तसाच धावत आला.

गाडीत त्यानं तिला विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. भूगावच्या दवाखान्यापर्यंत मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "बीपी फार वाढलंय. लघवीतून प्रथिनं जातायत, म्हणजे किडनीवर ताण आलाय. लिव्हरही दुखावलेलं दिसतंय. कधीही आकडीचा झटका येऊ शकतो. नीट सांगा, डोकं कधीपासून दुखतंय?"

"आजच," सून पुन्हा म्हणाली. जिवावर बेतलं तरी बया माझी लाज राखत होती!

"खोटं बोलतीय ती," मी म्हटलं. "चार दिस झाले. मला सांगितलं व्हतं. मी मिरच्या जाळत बसले." लेकानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तासाभरात तिला ऑपरेशनला नेलं. बाकड्यावर बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होते, देवाचं नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटत होती. नात झाली, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. सुनेची लघवी मात्र जवळजवळ बंद. किडन्या सावरतील का, कुणी छातीठोक सांगेना. तिसऱ्या दिवशी नळीला लावलेल्या पिशवीत लघवी उतरली. लघवी बघून ढसाढसा रडलेली बाई मीच असेन.

लेक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्यानं. नात पेटीतून निघून घरी आली, पण सुनेची बीपीची गोळी अजून चालू आहे. परवा तिचं डोकं जड झालं. नवरा शेजारच्याच खोलीत होता, पण ती स्वयंपाकघरात आली आणि आधी मलाच सांगितलं.